ताईचा मेंदू आणि माझा अभ्यास

त्या वर्षी ताई दहावीत होती आणि मी सहावीत. नागपूरच्या मनीषनगरात आम्ही नवीनच राहायला आलो होतो. आज तिथे दवाखाने, मंगल कार्यालयं आणि लिफ्टच्या इमारती आहेत. तेव्हा आमच्या घरामागे नुसते मोकळे प्लॉट होते, त्यांत कंबरेएवढं गाजरगवत आणि पलीकडे रेल्वेचं फाटक. फाटक पडलं की बाबा लुना बंद करून उतरायचे आणि गाडी जाईपर्यंत शेजारी थांबलेल्या कुणाशीही गप्पा मारायचे. ते भूमापन कार्यालयात नकाशे काढायचे. आई प्राथमिक शाळेत शिकवायची. आणि ताई खो-खो खेळायची.

शाळेच्या संघात तिच्याइतकं चपळ कोणी नव्हतं. खांबाजवळ ती सूर मारायची तेव्हा समोरच्या शाळेच्या मुलीसुद्धा "अरे बाप!" म्हणायच्या. तिची पाण्याची बाटली सांभाळायला मी प्रत्येक सामन्याला जायचे, आणि त्या कामाचा मला भलता अभिमान होता.

त्या दिवशी सामना आमच्याच शाळेच्या मैदानावर होता. हिवाळ्यातलं छान ऊन पडलं होतं. ताई आपल्या चौकोनात बसली होती. मैत्रिणीने मागून तिच्या पाठीवर थाप मारली, "खो!" म्हणून ओरडली, आणि ताई उठली नाही. ती समोर बघत होती. एका हाताने स्कर्टची कड चोळत होती आणि तोंडात काहीतरी असल्यासारखी ओठ चाळवत होती. मैत्रीण पुन्हा ओरडली. मग ताई एका बाजूला कलंडली, तिचं अंग ताठ झालं आणि हातपाय झटके देऊ लागले.

सगळं मैदान धावत आलं. कोणी चप्पल आणली, कोणी कांदा मागितला, कोणी दातांत चमचा घाला म्हणून ओरडलं. मी बाटली छातीशी धरून उभी होते. आमच्या खेळाच्या बाईंनी सगळ्यांना मागे लोटलं, ताईचं डोकं मांडीवर घेतलं आणि नुसत्या बसून राहिल्या. थोड्या वेळाने ताईने डोळे उघडले. तिने बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी आउट झाली का वं?" तिने विचारलं.

मी रडायलाच लागले.

नंतरच्या महिन्यांत हे पुन्हा पुन्हा झालं. कधी नुसतंच बघत राहणं आणि ओठ चाळवणं, कधी पूर्ण झटका. रामटेकची आत्या आली आणि म्हणाली, पोरीला बाहेरचं काही लागलं असेल. आई म्हणाली, "रामाले सांगून येऊ. पन डॉक्टरले बी सांगू." त्याप्रमाणे आम्ही आधी रामटेकच्या रामाचा गड चढून आलो आणि मग नागपुरात सदर भागातल्या मेंदूच्या एका डॉक्टरांकडे गेलो.

तो दवाखाना मला अजून स्पष्ट आठवतो. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, भिंतीवर मेंदूचं रंगीत चित्र, आणि आतल्या खोलीत एक मोठं यंत्र. तिथल्या बाईंनी ताईला खाटेवर झोपवलं, तिचे केस बाजूला करून करून जागोजागी चिकट मलम लावलं आणि त्यावर वायरी बसवल्या. ताई म्हणाली, "आई, हे केसाचं निघंल ना?" आई म्हणाली, "शिकेकाईनं निघंल. तू हालू नको."

यंत्र सुरू झालं. घड्या घातलेला कागद पुढे सरकू लागला आणि त्याच्यावर बारीक बारीक निबा थरथरत रेघा काढू लागल्या. बाई म्हणाल्या, "डोळे मीट." ताईने डोळे मिटले, आणि त्या बारीक थरथरीच्या जागी एकदम सारख्या, गोल लाटा उमटू लागल्या. "उघड." लाटा गेल्या. "मीट." लाटा आल्या.

मला राहवलं नाही. डॉक्टर आत आले तेव्हा मी विचारलं, "डोळे मिटले तर हे असं काहून होते?"

ते वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी मला हाकलून दिलं नाही. खुर्ची ओढून बसले. "बेटा, तुझ्या ताईच्या डोक्यात कोट्यवधी पेशी आहेत," ते म्हणाले. "त्या सारख्या एकमेकींशी बोलत असतात. या वायरी ती कुजबुज ऐकतात. डोळे उघडे असले की मागच्या पेशींना खूप काम असतं, प्रत्येकीचं वेगळं. डोळे मिटले की काम नाही, मग त्या सगळ्या मिळून गुणगुणत बसतात. तीच ही लाट."

"आणि फिट येते तेव्हा?"

"तेव्हा पुष्कळ जणी एकाच वेळी तेच तेच ओरडायला लागतात. मग दुसऱ्या कुणाचं ऐकू येत नाही."

परत येताना ऑटोत मी सारखी डोळे मिटत होते आणि उघडत होते. ताईच्या केसांत मलमाचे गोळे होते, ती आईच्या खांद्याला टेकून बसली होती.

"काय करून राहिली वं तू?" तिने विचारलं.

"लाटा पाहून राहिली."

"दिसल्या का?"

"नाई."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली होती.

गोळ्या सुरू झाल्या. झटके कमी झाले, पण ताईही मंदावली. शाळेतून आली की झोपायची. हिरड्या सुजल्या. खो-खो बंद झालं. घरात नवे नियम आले: चुलीजवळ एकटीने बसायचं नाही, विहिरीकडे जायचं नाही आणि न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही. ताई आंघोळीला गेली की मी दाराबाहेर पाट टाकून बसायचे. आईने बजावलं होतं, "बोलत राह्य तिच्याशी. उत्तर नाई आलं तं दार लोट."

त्या दाराबाहेरच्या गप्पा हे माझ्या लहानपणातलं सगळ्यात सुंदर काही आहे, हे मला फार उशिरा कळलं. ताई आतून बादलीत तांब्या आपटत वर्गातल्या बाईंच्या नकला करायची. मी बाहेरून विज्ञानाचा धडा मोठ्याने वाचायचे आणि ती मधेच चुकीची उत्तरं ओरडायची. हिवाळ्यात दाराखालून वाफ यायची. कधी ती मुद्दाम गप्प बसायची, मी घाबरून दार ढकललं की अंगावर पाण्याचा सपकारा यायचा.

पुढे ताईने शारीरिक शिक्षणाचं शिक्षण घेतलं आणि एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. घरच्यांना वाटलं होतं, ती मैदानाचं नाव काढणार नाही. ती म्हणाली, "मले पळता नाई येत तं काय झालं, पळवता येते ना." झटके पूर्ण थांबले नव्हते. महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. शाळेतल्या मुलींना तिने पहिल्याच आठवड्यात सगळं सांगून टाकलं होतं. त्या घाबरत नव्हत्या.

मग लग्नाचं सुरू झालं. आईने ठरवलं होतं, आधी पसंती होऊ दे, मग योग्य वेळ बघून सांगू. एका रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक मामा. पोहे झाले होते, वर चण्याच्या झणझणीत रश्शाची तर्री होती. मुलाच्या आईने विचारलं, "स्वयंपाक येते का तुले?"

"येते," ताई म्हणाली. "पन मले मिर्गीचे झटके येतात. म्हनून गॅसजवळ कोनी तरी लागते."

मामांनी पोह्याची बशी हळूच खाली ठेवली. दहा मिनिटांत पाहुणे गेले. आई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसू लागली. "काहून सांगतलं वं आत्ताच?"

"आता नाई सांगू तं कवा सांगू? त्याच्या घरी पडल्यावर?"

असं दोन-तीनदा झालं. मग एक स्थळ आलं, सायकलचं दुकान असलेला मुलगा. त्याचे घरचेही ऐकून उठून गेले. पण दोन दिवसांनी तो एकटाच आला. दारात उभा राहून त्याने बाबांना नमस्कार केला आणि म्हणाला, "मले तिले एक गोष्ट विचाराची होती."

ताई बाहेर आली. तो म्हणाला, "थे फिट आली का मानसानं काय करा लागते?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मग तिने मुलींना सांगायची तसं सांगितलं, "कुशीवर वळवाचं. डोक्याखाली काही तरी मऊ द्याचं. तोंडात काही नाई टाकाचं. घड्याळ पाह्याचं. लय वेळ राह्यली तं दवाखान्यात न्याचं. नाई तं जवळ बसून राह्याचं."

"बस, इतकंच?"

"इतकंच."

"मंग जमते," तो म्हणाला. तोच पुढे ताईचा नवरा झाला. आम्ही त्यांना भाऊजी म्हणतो.

मी शिकत राहिले. नागपुरात एम.एस्सी. केली आणि पुढच्या संशोधनासाठी बंगळूरला गेले. विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही. दोन पेशींच्या मध्ये एक फट असते, केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक. अलीकडची पेशी त्या फटीत रसायनाचे थेंब सोडते आणि पलीकडची ते झेलते. बोलणं म्हणतात ते हेच. मला ते बोलणं डोळ्यांनी बघायचं होतं.

पहिल्यांदा बघितलं तो दिवस पावसाळी होता. उंदराच्या मेंदूचा पातळ काप आम्ही क्षारांच्या द्रवात जिवंत ठेवला होता. त्याच्या पेशींत एक रंग भरला होता, पेशी बोलली की तो उजळतो. खोलीत अंधार केला आणि पडद्याकडे बघत बसले. सगळं करडं होतं. मग एका कोपऱ्यात एक हिरवा ठिपका लुकलुकला आणि विझला. थोड्या अंतरावर दुसरा. मग आणखी एक. आवाज काहीच नव्हता.

संध्याकाळी मी घरी फोन केला. ताई माहेरी आली होती.

"ताई, मी आज पेशी बोलताना पाह्यल्या. दिव्यासारख्या लागतात वं."

"माह्या डोक्यात बी असेच लागतात का?"

"तुह्या, माह्या, सगळ्यांच्या."

"मंग माह्यात जास्तीचे लागत असतीन," ती म्हणाली आणि आईच्या हातात फोन देऊन टाकला. मागून तिचं हसणं ऐकू येत होतं.

पुष्कळ वर्षं मी बाहेर होते, बंगळूरला आणि काही काळ परदेशात. नागपूरला परत आले ते इथल्या एका संस्थेत माझी छोटी प्रयोगशाळा सुरू झाली म्हणून. तोवर बाबा निवृत्त झाले होते. फाटकाच्या जागी रेल्वेखालून जाणारा रस्ता झाला होता. ताईला एक मुलगी झाली होती. आणि ताईचे झटके पुन्हा वाढले होते. एक औषध, दुसरं, दोन मिळून तिसरं, सगळं करून झालं होतं. एकदा शाळेच्या पायऱ्यांवर ती पडली आणि हनुवटीला टाके पडले.

नव्या डॉक्टरीणबाईंनी एमआरआय करायला सांगितला. फिल्म घरी आणली तेव्हा बाबांनी ती खिडकीशी उजेडात धरली आणि चष्मा वर करून कितीतरी वेळ बघत राहिले. आयुष्यभर नकाशे बघितलेला माणूस. "इथं दोन्हीकडे सारखं पाह्यजे होतं," ते म्हणाले. "डाव्या बाजूचं थोडं आकसलं आहे."

खरंच तसंच होतं. कानाच्या पातळीवर, मेंदूच्या खोलवरच्या भागात एक छोटासा व्रण होता. बहुधा अगदी लहानपणच्या तापाचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधांनी हे थांबेल असं वाटत नाही. तेवढा भाग शस्त्रक्रियेने काढता येतो. यश येण्याची शक्यता चांगली आहे, धोका थोडा आहे. डावी बाजू, म्हणजे शब्दांची आणि आठवणींची बाजू.

घरात सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी या विषयातली. आणि सगळ्यात जास्त घाबरले मीच. तो भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस, आठवणी घडवणारा; उंदरांच्या मेंदूतले त्याचेच काप मी रोज बघायचे. तिथल्या एकेका पेशीच्या फांद्या मी रात्रंदिवस चित्रात मोजल्या होत्या. आणि आता तोच भाग माझ्या बहिणीच्या डोक्यातून काढून टाकायचा? मी म्हटलं, "अजून थोडं थांबू. नवं औषध येईल." आईही तेच म्हणाली. ताई म्हणाली, "मले तुही ती प्रयोगशाळा तं दाखव एकदा."

ती शनिवारी दुपारी आली, साडीवर बूट घालून, शाळेतून थेट. मी तिला चपला-बूट बदलायला लावले, पांढरा कोट दिला. अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसवलं. आधी साधी चित्रफीत दाखवली, इकडेतिकडे लुकलुकणारे ठिपके. ती म्हणाली, "आपल्या कॉलनीत दिवाळीत असंच दिसते गच्चीवरून."

मग मी दुसरी लावली. त्या द्रवातला एक क्षार कमी केला की पेशींचा संयम सुटतो, आणि कापात झटक्यासारखंच काहीतरी सुरू होतं. पडद्यावर डाव्या कोपऱ्यात थोडे ठिपके एकदम लागले. विझले. पुन्हा लागले, या वेळी आणखी काही जणी त्यांच्यासोबत. मग ती हिरवी लाट पसरत पसरत सगळ्या पडद्यावर आली. सगळ्या पेशी एकदम पेटल्या, एकदम विझल्या, पुन्हा पेटल्या.

ताई पडद्याकडेच बघत होती. मला वाटलं, दाखवायला नको होतं.

"मले वाटे," ती शेवटी म्हणाली, "का त्या टायमाले माह्यं डोकं बंद पडते. लाइट जाते तसं. हे तं उलटं आहे वं. हे तं सगळंच चालू होऊन राहिलं."

"हो."

"पुन्हा लाव."

मी पुन्हा लावली. ती पुढे सरकून बघत होती, मुलींच्या सामन्यात खेळाडूंच्या पायांकडे बघायची तशी.

"दर वेळी इथूनच सुरू होते," तिने कोपऱ्यावर बोट ठेवलं. "बाकीच्या बिचाऱ्या ठीक आहेत. याच्या मागं जातात फक्त."

"या कापात तसं आहे. तुह्या डोक्यात बी बहुतेक तसंच."

"मंग हा कोपरा काढला तं?"

मी कोटाच्या बाहीने डोळे पुसले. मला उत्तर माहीत होतं.

"तू रडून काहून राहिली?" ती म्हणाली. "डोकं माह्यं आहे."

शस्त्रक्रियेआधी कितीतरी तपासण्या झाल्या. चित्रं दाखवून नावं विचारली, गोष्टी सांगून परत सांगायला लावल्या. शस्त्रक्रियेच्या दिवशी बाबा दवाखान्याच्या बाकावर बसून वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने रेघा काढत होते. भाऊजी येरझाऱ्या घालत होते. मी आईचा हात धरून बसले होते आणि डोक्यात मला येत असलेली सगळी शास्त्रीय नावं नुसती फिरत होती. त्यांतलं एकही कामाचं नव्हतं.

ताई शुद्धीवर आली तेव्हा तिने भाऊजींकडे बघून आधी डोळ्यांनीच ओळख दिली. नंतरचे काही महिने तिला वस्तूंची नावं सापडत नव्हती. चमचा मागायचा असेल तर "थे, थे ढवळाचं" म्हणायची. मुलीला हाक मारताना आधी माझं नाव यायचं, मग आईचं, मग तिचं. तेव्हा तिची चिडचिड व्हायची, आणि मी रात्री घरी जाऊन मनाला विचारायचे, हे आपण काय करून बसलो. मग हळूहळू शब्द परत आले. सगळे नाहीत. जुन्या सहलींतले काही दिवस तिला आठवत नाहीत, ते मी तिला सांगते.

झटका मात्र परत आला नाही. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. एका सकाळी मी तिच्याकडे गेले होते, ती आंघोळीला होती. मी सवयीने दाराशी जाऊन हाक मारली. आतून आवाज आला, "कडी लावली आहे. जा, चहा ठेव." मी स्वयंपाकघरात गेले आणि गॅस पेटवायला किती तरी वेळ काडीच सापडेना.

आता आई नाही. बाबा आहेत, थकलेत. ताई निवृत्तीला आली. माझ्या कामातून अजून कोणाचा झटका थांबलेला नाही, हे मी तिला प्रामाणिकपणे सांगत असते. एक पेशी दुसरीचं ऐकणं कधी सोडते, एवढाच एक छोटा प्रश्न मी इतकी वर्षं धरून बसले आहे. ती म्हणते, धरून राह्य.

अलीकडे आम्ही दोघी मिर्गीच्या शिबिरांना जातो. मागच्या पावसाळ्यात, भाताच्या रोवणीच्या म्हणजे लावणीच्या दिवसांत, रामटेकजवळच्या एका गावात शिबिर होतं, शाळेच्या वर्गात. डॉक्टर तपासत होते. मी फळ्यावर मेंदूचं चित्र काढून बोलले. बायकांनी सभ्यपणे ऐकलं. मग ताई उठली आणि तिने डोक्यावरचा पदर सरकवून केसांतला व्रण दाखवला, तेव्हा सगळ्या खुर्च्या पुढे सरकल्या. चिखलाच्या पायांनी शेतातून आलेली एक बाई आपल्या सुनेला घेऊन बसली होती. तिने विचारलं, "बाई, हिले लेकरू होईन का जी?"

"मले झालं ना," ताई म्हणाली. "कॉलेजात आहे. गोळ्या मनानं बंद नोको करू म्हना, आधी डॉक्टरले विचार."

सुनेने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर रोवणी चालली होती. गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बायका, मागे रामटेकचा गड. ताईने पिशवीतून चिवडा काढला. "हं, सांग आता," ती म्हणाली. "तुह्या उंदराच्या पेशी काय म्हनून राहिल्या या महिन्यात?"

मी सांगू लागले. नवा कॅमेरा आला आहे, आता एक थेंब सुटतो तोही दिसतो, आणि आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा काहीतरी वेगळंच दिसतंय. ती "हं, हं" करत होती. कन्हान नदीचा पूल येईपर्यंत तिचा डोळा लागला. माझ्या खांद्यावर तिचं डोकं आलं. तिला वारा सहन होत नाही, म्हणून मी खिडकीची काच अर्धी ओढून घेतली.